कुडापलीकडचं वर्ष

घटस्फोटाला किती दिवस लागतात, याचा अंदाज मी ज्वारीच्या पिकावरून बांधला. पेरणीला अर्ज, सुगीला मोकळं. तो साफ चुकला.

उस्मानाबादच्या वकिलानं सांगितलं, दोघं राजी असलात तरी आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, मग अर्ज. बेंबळीत दुसरं घर कुठून आणायचं? मी गावच्या सोसायटीचा सचिव, अडचणीतून वाट काढण्याचा मला भारी अभिमान. घराच्या मधोमध तुराट्यांचा कुड घातला, शेणामातीनं लिंपला. पुढची खोली माझी, मागची खोली आणि परसदार बायकोचं. बोलायचं नाही, बघायचं नाही, वर्ष भरलं की मिळून कोर्टात जायचं. सगळी योजना ऐकून घेऊन ती एवढंच म्हणाली, बघू.

त्या साली पाऊस आलाच नाही. आड आटला, टँकर येऊ लागला. रोज दिवेलागणीला मी एक घागर भरून कुडाच्या टोकाशी भुईलगत सोडलेल्या जागेतून पलीकडं सरकवायचो. सकाळी ती रिकामी असायची. अंधार पडता पडता भाकरी थापल्याचा आवाज यायचा, बांगड्या वाजायच्या आणि मधेच सगळं थांबायचं, जणू कुणी कुडाला कान लावून माझाच कानोसा घेतंय. धूर मात्र कधी आला नाही. दुष्काळात सरपण तरी कुठलं, अशी मी आपली समजूत घालून घेतली.

वर्ष भरलं. कोर्टात जायच्या सकाळी कुडाशी उभा राहून हाक मारली, एसटी निघून जाईल म्हणून. मग मागं गेलो. परसदाराला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. दाराच्या फटीतून पाहिलं, तर चूल फुटलेली आणि पीठ मळायच्या काटवटीत बोटभर धूळ. घागर तेवढी कुडाशी होती. रिकामी, पण तळाला ओल.

बायको कोर्टाच्या पायरीवर बसली होती. कळंबहून, भावाकडून आलेली.

"आड आटला त्याच आठवड्यात गेले मी," ती म्हणाली. "कुडातनं दोनदा हाक मारली. तुमी नियम पाळीत व्हता."

मी तिला आवाजाचं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"म्या बी ऐकलाय. माझी चूल इझल्यावर."

आत न्यायाधीशांनी अर्ज घेतला आणि आणखी सहा महिन्यांनी या म्हणून सांगितलं. ते काही मी धरलंच नव्हतं. सहा महिने त्याच घरात, एकट्यानं. कुड पाडावा, तर पलीकडचं सगळं माझ्या खोलीत मोकळं व्हायचं. बाहेर आल्यावर मी चाचरत तिला विचारलं, तेवढे दिवस मागच्या खोलीत येऊन राहशील का.

तिनं पिशवी उचलली.

"सोडचिठ्ठी घ्यायची म्हणलं तरी तुमाला बायकुची सोबत लागती, व्हय?"