मुठीतली घंटा

गाड्यांच्या त्या शोरूमच्या दारात हवेने फुगून हातवारे करणारा एक कापडी बाहुला होता, आणि आत काउंटरशेजारच्या खांबाला एक पितळी घंटा टांगलेली होती. गाडी विकली गेली की घंटा वाजायची, सगळे टाळ्या पिटायचे आणि गिऱ्हाइकाला घटकाभर राजा झाल्यासारखं वाटायचं. ही अक्कल मोठ्या मालकांची. वाजवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे ठणठणकाका म्हणत. ऐन तारुण्यात गाड्या पुसायला लागले आणि घंटा वाजवता वाजवता म्हातारे झाले, एवढीच त्यांची कथा. "खिशातही तेच वाजतं," असं ते स्वतःच सांगत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला चेष्टा करायला फारसं काही उरत नसे.

आज संध्याकाळी ती घंटा उतरवणार होते. मोठे मालक जाऊन बरेच दिवस झाले होते, मुलाने कारभार हातात घेतला होता, आणि आता खांबाच्या जागी मोठा पडदा येणार होता. बटण दाबलं की टाळ्या, बटण दाबलं की रंगीत कागदांचा पाऊस. धाकटे मालक मनाने वाईट नव्हते. काकांनी त्यांच्याकडे एकच मागितलं, की उतरवायच्या आधी एखादी गाडी गेली तर घंटा मीच वाजवणार. "वाजवा की काका, विचारताय काय," ते म्हणाले. म्हणून सकाळपासून काका खांबापाशी घुटमळत होते आणि सगळा जीव दाराकडे लागला होता.

पण आली ती नुसती ऑफरची माणसं. 'चक्र फिरवा, बक्षीस मिळवा' अशी पाटी लावल्यावर दुसरं कोण येणार? एकाने चक्र फिरवलं, छत्री घेतली आणि गाडीकडे ढुंकूनही न बघता तो चालता झाला. काकांनी आयुष्यभर माणसं ओळखली ती असल्या क्लृप्त्यांवरूनच. काही जण चक्र दिसलं की खुळावायचे. जो रंग बायकोला नको असायचा त्याच रंगाची गाडी घ्यायचे, का तर तिच्यावर सीटकव्हर फुकट. एका किराणा दुकानदाराने घंटा ऐकल्याबरोबर विचारलं होतं, "हिचे पैसे गाडीत धरलेत का? धरले असतील तर वजा करा आणि वाजवू नका." एक निवृत्त मास्तर पेनाचं टोपण काढून सही करणार, तेवढ्यात पलीकडच्या गिऱ्हाइकासाठी घंटा झाली, आणि मास्तर सवयीने पिशवी उचलून चालायला लागले. त्यांना रस्त्यावरून परत आणेपर्यंत सेल्समनच्या तोंडाला फेस आला. हे आठवलं की काका अजून एकटेच हसत.

आणि एक ती नर्सबाई. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. दोघांनी मिळून पसंत केलेली गाडी घ्यायला ती एकटीच आली होती, कडेवर लेक. चक्र नको म्हणाली, फुगे नको म्हणाली. घंटेकडे नजर गेली आणि तिचा चेहरा उतरला. "काका, नाही वाजवली तर चालेल?" पण मोठे मालक केबिनच्या काचेतून बघत होते, आणि त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग काकांनी काय केलं, घंटेचा आतला लोलक डाव्या मुठीत गच्च धरला आणि उजव्या हाताने दोरी जोरात ओढली. केबिनमध्ये आवाज तसाही पोचत नसे. मालकांना हात हललेला दिसला आणि त्यांनी मान डोलावली. नर्सबाई लेकीला घेऊन गाडीत बसून निघून गेली. पुढे कुणी पडल्या चेहऱ्याचं माणूस आलं की काकांची मूठ आपोआप लोलकाकडे जायची.

दिवे लागायची वेळ झाली. सुतार शिडी घेऊन खांबापाशी आला. "जरा थांब रे," काका म्हणाले. "आता कोण येतंय काका," म्हणत त्याने शिडी टेकवली, आणि तेवढ्यात दार उघडलं. एक तरुण मुलगी आत आली, मागून पिकल्या केसांची बाई. मुलीने छोटी निळी गाडी आधीच बघून ठेवली होती, आज फक्त सही करायची होती. चक्राकडे दोघींनी बघितलंही नाही. बाईने मात्र वर घंटेकडे पाहिलं, आणि त्या बघण्यावरून काकांनी तिला ओळखलं. ही नर्सबाई, आणि ही तेव्हा कडेवर होती ती.

मुलीची सही झाली. काकांनी दोरी धरली. दिवसभर वाट बघितली ती याच्यासाठी, पण डावा हात आपणहून वर गेला आणि लोलकावर मूठ बसली. शेवटची घंटा मुकीच जाणार तर. काकांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण मूठ काही सोडवेना.

नर्सबाई जवळ आली. "मूठ सोडा काका," ती हळूच म्हणाली. "तेव्हा मी पाहिलं होतं. ते कधी विसरले नाही. आज वाजू द्या." मग म्हणाली, "आणि जमलं तर त्या दिवशीचीही वाजवा. ह्यांना फार हौस होती हो या घंटेची. गाडी घेऊ तेव्हा आपल्यासाठी वाजेल, म्हणायचे."

काकांनी घंटा वाजवली. लेक हसली, सेल्समन टाळ्या पिटायला लागले, सुतारानेही शिडीवरून दोन टाळ्या दिल्या. मग काकांनी बाहीने डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा वाजवली, पहिल्यापेक्षा जोरात.

काचेतून काकांचा हात दोनदा हललेला बघून धाकटे मालक केबिनमधून बाहेर आले. "दोन गाड्या गेल्या का काका?"

"नाही मालक, आज एकच," काका म्हणाले. "दुसरी मागची राहिली होती."