मथुराकाकीने वाढवलेलं राष्ट्रीय उत्पन्न

आमच्या देवगडातल्या मथुराकाकीने १९८३ साली देशाचं राष्ट्रीय उत्पन्न वाढवलं. सरकारने तिचे आभार मानले नाहीत, पण सरकारकडून ती अपेक्षा आम्हीही ठेवली नव्हती.

तिचे यजमान श्रीपाद मास्तर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि जेवताना तोच धडा तिला ऐकवत. एका दुपारी ते म्हणाले, "घरच्या बाईने केलेला स्वयंपाक राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. तोच शेजारणीने पगार घेऊन केला, तर धरतात."

"मगे मी वीस वर्सां रांधतंय, त्येची किंमत किती?"

"शून्य," मास्तर म्हणाले आणि भात मागितला.

दुसऱ्या दिवसापासून काकी दोन घरांमधला दगडी गडगा ओलांडून शेजारच्या शेवंतीकडे रांधायला जाऊ लागली आणि शेवंती मास्तरांकडे येऊ लागली. पगाराची दहाची एकच नोट सकाळी गडग्यावरून पलीकडे जाई, संध्याकाळी परत येई. देश भराभर श्रीमंत होत होता. शेवंतीचा नवरा महादू गुबगुबीत झाला. मास्तर मात्र वाळत चालले, कारण शेवंती आमटीत खोबरं घालायला विसरे आणि मीठ दोनदा घाली.

आठवड्याभरात मास्तर पुस्तकी मराठी विसरले. "मथुरा, तू आपल्या घराक रांध गो."

"आणि देशाचा काय?"

"देश गेलो चुलीत."

काकीने त्या दिवशी बांगड्याची आमटी केली. मास्तर मान खाली घालून बोटं चाटत होते. ती डाव घेऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "आणखी थोडा शून्य वाढू?"