शनिवारी न मरणारे कृमी

कार्मेल डोंगराच्या उतारावरची ती कृमींची प्रयोगशाळा नेखामा या प्राध्यापकबाईंच्या नावाने ओळखली जायची, पण चालायची ती विदाद नस्सारच्या हातांवर. बावीस वर्षं झाली होती. कृमी वाढवायची अगर नावाची जेली शिजवायची, बशांमध्ये ओतायची, त्यावर जिवाणूंचा थर पसरायचा, आणि मग डोळ्यांनाही धड न दिसणारे कृमी प्लॅटिनमच्या बारीक तारेने उचलून नव्या बशीत सोडायचे. शिकून शहाणी झालेली पोरं येत, चार वर्षांत डॉक्टरेट घेऊन जात. त्यांना तार धरायला शिकवायची विदाद. तिचं नाव मात्र कुठल्या शोधनिबंधात आलंच, तर शेवटच्या ओळीत, आभारांमध्ये.

शनिवारची मोजणी तिच्याकडे होती. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बाकीचे घरी असत. कृमींना सुट्टी कळत नाही, ते रोज म्हातारे होतात, म्हणून रोज कोणीतरी मोजायला हवं. वादी निस्नास या अरब वस्तीत राहणाऱ्या ख्रिस्ती विदादला रविवारी चर्च असायचं, शनिवार मोकळा. ती सकाळी थर्मासमध्ये वेलचीची कॉफी घेऊन चढण चढायची आणि तीन तास एकटी मायक्रोस्कोपपाशी बसायची.

त्या वर्षी इतमार नावाच्या विद्यार्थ्याचा प्रयोग चालू होता. पेशी आपला कचरा एका पिशवीत भरते. ती पिशवी पाचक रस भरलेल्या दुसऱ्या पिशवीला चिकटून एकजीव झाली, की कचरा विरघळतो आणि त्यातलं कामाचं पुन्हा वापरलं जातं. दोन पिशव्यांची लग्नं लावणारी प्रथिनं असतात. इतमारने त्यातलं एक प्रथिन कमी असलेले कृमी वाढवले होते, आणि ते वेळेआधी मरतात हे त्याला दाखवायचं होतं. आलेखही तसाच येत होता. तेराव्या दिवसापासून पटापट मरत होते.

फक्त शनिवारी कोणी मरत नव्हतं.

मेच्या सुरुवातीला इतमारने आकडे मांडले तेव्हा ते त्याच्या लक्षात आलं. शनिवारी मृत शून्य, नाहीतर एक. रविवारी त्याची पाळी, तेव्हा एकदम दहा-बारा.

"आपले कृमी फार धार्मिक आहेत," तो सगळ्यांसमोर हसत म्हणाला. "शब्बाथला मरत नाहीत." मग वळून म्हणाला, "विदाद, तू शनिवारी मोजतेस ना गं? की शुक्रवारचे आकडे खाली उतरवतेस?"

विदाद बशा पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. "दाराला विचार मी येते का ते. कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही."

"येतेस गं. पण येणं वेगळं, मोजणं वेगळं."

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते या पोराला बघून. तार कशी धरायची हे त्याला शिकवताना तिने त्याच्या हातून मेलेले शंभर कृमी निमूट फेकले होते. तिचे कान लाल झाले. शरद ऋतूत ती निवृत्त होणार होती. बावीस वर्षांची किंमत शेवटी 'अरब बाई शनिवारी पाट्या टाकते' एवढीच होणार, हे तिला झोंबलं.

नेखामाने तिला खोलीत बोलावलं. दोघी एकाच वयाच्या.

"खरं सांग, तू कशी मोजतेस?"

"तारेने नाकाशी स्पर्श करते. हलला नाही तर शेपटीशी. मग थांबते."

"किती वेळ?"

"मी काय घड्याळ लावते? हलेपर्यंत."

हे थांबणं तिला आईने शिकवलं होतं. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. घरी येणारा तरुण डॉक्टर एकदा हाक मारायचा, उत्तर आलं नाही की म्हणायचा, "यांना आता काही कळत नाही." तो जिना उतरून गेला की आईचं बोट हळूच कॉफीच्या कपाकडे सरकायचं. हाक पोचायला वेळ लागायचा, इतकंच. विदाद पलंगाशी बसून राहायला शिकली, आणि तीच सवय मायक्रोस्कोपपाशी आली. आई मार्चमध्ये गेली, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत.

दुसऱ्या दिवशी नेखामाने परीक्षा ठेवली. तेराव्या दिवसाचे साठ कृमी. इतमारने नेहमीसारखं मोजलं: एक टोचणी, पुढचा. अकरा मृत. ते उचलून टाकायचे नाहीत, नुसत्या खुणा करायच्या, असं नेखामाने बजावलं. मग विदाद बसली. मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडला होता आणि पडद्यावर सगळे बघत होते.

तिने पहिल्याला नाकाशी स्पर्श केला. शेपटीशी केला. आणि तार बाजूला धरून बसून राहिली. अर्धं मिनिट गेलं. इतमारने जांभई दिली. आणि कृमीने मान वळवली, अगदी थोडी.

"हा आहे," विदाद म्हणाली आणि पुढच्याकडे गेली.

अकरांपैकी नऊ हलले. दोघांपाशी ती फार वेळ थांबली. मग म्हणाली, "हे दोन गेले."

इतमार खुर्चीत बसला. त्याचा अख्खा आलेख त्या नऊ जणांवर उभा होता, आणि दर रविवारी त्याने जिवंत कृमी फेकून दिले होते.

"हे लवकर मरत नाहीत," नेखामा सावकाश म्हणाली. "कचरा साठतो, अंग जड होतं, हलवत नाही. पण जगतात. इतमार, तुझा निष्कर्षच वेगळा आहे." मग तिने मोजणीची वही विदादसमोर सरकवली. "विश्वास ठेवण्यासारखे तुझेच शनिवार आहेत. तेच धरून पुन्हा मांडू. सगळे पक्के ना?"

इतमार मान खाली घालून म्हणाला, "विदाद, मी जे बोललो ते..."

विदादने नेखामाला नुसतं हो म्हटलं असतं तर संपलं होतं. नाव धुऊन निघालं होतं, आणि कोणी विचारणारही नव्हतं.

"मार्चपर्यंतचे पक्के," विदाद म्हणाली. "त्यानंतरचे सहा धरू नका."

"का?"

"त्यात मेलेले होते. मला कळत होतं. पाऊण पाऊण तास बसले एकेकापाशी, नाहीच हलले. तरी जिवंत लिहिले." "आई गेल्यावर माझ्या हातून 'मृत' लिहवेना, नेखामा. मी खोटं लिहिलं."

इतमारने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. नेखामाने पेन पुढे केलं.

विदादने ते सहा शनिवार एकेक करून स्वतः खोडले. मग आजच्या तारखेची ओळ काढली, चष्मा नीट केला, आणि सावकाश लिहिलं: जिवंत अठ्ठावन्न, मृत दोन.