पायपेटीला हवापालट सोसेना

राहुरीतल्या त्या एका खोलीच्या वस्तुसंग्रहालयात रेबेकाबाई बावीस वर्षं झाडलोट करत होत्या. आत सगळं लाकूडच. धान्याची मापं, कोरीव पाळणा, जुन्या चौकटी. पण बाईंचा जीव अडकला होता कोपऱ्यातल्या पायपेटीत. पायांनी भाता मारायचा आणि हातांनी सूर काढायचे, अशी ती सागवानी पेटी. बाईंचे वडील याकोब मास्तर सोनईकडच्या चर्चमध्ये तीस वर्षं तिच्यावर गाणी वाजवायचे. चर्चनं कीबोर्ड घेतला, पेटी इथं आली आणि तिच्यामागोमाग रेबेकाबाईही आल्या. लोक म्हणायचे, बाईंना नोकरी बरी मिळाली. नोकरीचं काय घेऊन बसलात, बाई पेटीसाठी आल्या होत्या!

त्यांची रीत ठरलेली. उन्हाळ्यात सकाळी साडेआठला खिडक्या बंद, जाड पडदे खाली, आणि ऊन कललं की हळूहळू सगळं उघडायचं. हे त्यांना मापांच्या कपाटानं शिकवलं होतं. त्याचा खण श्रावणात फुगून बसायचा, चैत्रात सैल पडायचा. "लाकडाला हवा आपल्या आदी कळती," असं त्या म्हणायच्या.

यंदा मार्चअखेर संस्थेचे सचिव दत्तोपंत यांनी एसी बसवला. दत्तोपंत म्हणजे निवृत्त शिक्षक, मनानं सरळ, पण उत्साह असा की आवरता आवरत नाही. "आता आपल्या पायपेटीलाही हवापालट!" असं म्हणून त्यांनी गार झोत नेमका पेटीवर धरला. एसी दहाला चालू, पाचला बंद. पडदे, खिडक्या हे सगळं त्यांनी जुनाट ठरवून टाकलं.

पंधरा दिवसांत पेटी बोलायला लागली. पाचला एसी बंद केला की थोड्या वेळानं आतून 'कट्ट' असा आवाज यायचा. बाईंनी दोनदा सांगितलं, "सर, पेटी कन्हतीया." दत्तोपंत हसले. "अहो, जुनं लाकूड आहे, आवाज करायचंच!"

मे महिना लागला आणि पेटीची वरची फळी वीतभर चिरली. दत्तोपंत घाबरले, आणि घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी ढकलायचं असतं. हाताशी बाईच होत्या. "तुम्ही ओल्या फडक्यानं पुसलंत ना? उद्यापासून या खोलीत पाय ठेवायचा नाही. पुढचं समिती ठरवेल."

नोकरी जाईल हे होतंच, पण पेटीकडे आता कोण बघणार, या विचारानं बाई घरी जाऊन ढसाढसा रडल्या.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी पेटी तपासायला पुण्याहून मनवा आली. जुन्या लाकडी वस्तू जपणं हेच त्या मुलीचं काम. तिनं बॅटरी लावून पेटी बघितली, एसीचा झोत बघितला, मग बाईंना बोलावून घेतलं. "मावशी, आधी तुम्ही काय काय करायचात?" बाईंनी खिडक्यांचं, पडद्यांचं सांगितलं. मनवा दत्तोपंतांकडे वळली.

"सर, हे फडक्यानं झालेलं नाही. माणसाला हवापालट मानवतो, लाकडाला रोजच्या रोज सोसत नाही. दिवसभर सुका गार झोत, पाचनंतर एकदम उकाडा. लाकूड आखडतं, पसरतं, मग चिरतं. मावशींची रीतच बरोबर होती. हवा एकदम बदलू द्यायची नाही, बस्स."

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच," एवढंच ते म्हणाले.

"फक्त एक कळत नाही," मनवा वाकून म्हणाली. "खालची फळी फुगून सांधा उघडलाय. तिथं ओल कुठून आली?"

दुसऱ्या कुणाला काही ठाऊक नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर बाई धुतल्या तांदळासारख्या सुटल्या असत्या.

"मी ठिवलं हुतं," रेबेकाबाई म्हणाल्या. "ओलं पोतं. पेटी कन्हाया लागल्यापास्नं रोज जाताना पेटीखाली सारायची, सकाळी काढायची. बैलगाडीचं चाक सुकलं की त्येच्यावरची लोखंडी धाव ढिली हुती, मग आमी चाक वढ्यात बुडवतो. मला वाटलं, पेटीबी ताहानली आसंल."

दत्तोपंत बघतच राहिले. "बाई, कशाला सांगितलंत? कुणाला कळलं नसतं."

"बाची पेटी हाय, सर. तिच्यापुढं उभी राहून लबाड बोलू?"

मनवानं बाईंचा हात धरला. ती म्हणाली, "हवा बिघडली हे तुम्हालाच आधी कळलं, मावशी. उपाय तेवढा उलटा झाला. दिवसा सुकवणं आणि रात्री भिजवणं, दोन्ही मिळून तिला भोवलं. आता कुणी काही करू नका. चिरेत भरायचं नाही, तेल लावायचं नाही. आधी हवा ठरू द्या."

"समितीपुढे मी सांगतो, एसी माझा," दत्तोपंत म्हणाले.

"आन पोतं माजं. तेबी सांगा."

"सांगतो. आणि उद्या साडेआठला या. खिडक्या कधी लावायच्या ते मलाही शिकवा."

बाई पेटीजवळ गेल्या. चिरेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "बा, चुकलं माजं." डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपायचंही त्यांना सुचलं नाही. दत्तोपंत त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि पेटीकडे बघून म्हणाले, "मास्तर, माझंही चुकलं."