न विचारता पुसायचं न्हाई

"विचारलं का?" हे तिचं पहिलं वाक्य असायचं. कुणी म्हणालं, ताई, एवढी फाईल काढून टाका, की ती कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायची आणि मान वळवायची. "ज्याची आहे, त्याला विचारलं का?"

जुना जालन्यातल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात संगणकांचं सगळं ती बघायची. मी बाहेर नोंदणीच्या खिडकीत. माझं लहानपण चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलेलं, त्यामुळे तोंड उघडलं की घोषणाच निघायची. ती हसून म्हणायची, "भाऊ, खिडकीत माणूस उभा हाय. क्रांती सुट्टी झाल्यावर."

तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. त्याचं काम नीट चालतं, म्हणून ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

एक्सरे आणि नोंदी ज्या सर्व्हरवर होत्या, तो म्हातारा झाला होता. व्यवस्थापक म्हणाले, नव्यावर न्यायला एक दिवस दवाखाना बंद ठेवू. ती म्हणाली, "आष्टीहून, पिंपळगाव रेणुकाईहून लोकं जीपनं येतेत. त्यांना काय सांगता? मी चालू मशीन हलवते."

म्हणजे खिडकी चालू, एक्सरे चालू, आणि आतल्या आत तिचं ते 'मशीन', म्हणजे नोंदी-एक्सरेंचा चालता कारभार, सगळ्या डेटासकट नव्या सर्व्हरवर जात राहणार. तेवढ्यात निघालेले नवे एक्सरेही मागोमाग जाणार. फक्त तिकडे पुरेशी जागा मोकळी हवी. ती भरली, की सगळं अधांतरी अडकणार.

सकाळी तिनं जागा बघून काम सुरू केलं. दुपारी जागा आक्रसायला लागली. नवा सर्व्हर मोकळा दिसल्यापासून आमच्या लोकांनी त्याची तिजोरी केली होती. स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, सगळं तिथं सुरक्षित! आणि त्याच घटकेला संस्थेच्या अध्यक्षांचा कारकून त्यांच्या मुलीच्या लग्नाचं अख्खं शूटिंग आत ओतत होता. ताईनं त्याला थांबवलं, तरी जागा कमीच पडत होती.

व्यवस्थापक धावत आले. "जुने एक्सरे उडवा. त्या भट्टीवाल्यांचे. कोण बघतंय?"

बाहेर बाकावर आष्टीचे एक मामा बसले होते. लोखंडाच्या भट्टीवर त्यांची छाती गेली होती. मालक म्हणत होता, हा आजार घेऊनच आल्ता. कामाला लागताना काढलेला एक्सरे आमच्याकडे होता, तेवढाच मामांचा पुरावा. तो आज डॉक्टर नव्या एक्सरेशेजारी ठेवून बघणार होते.

मी पेटलो. "गरिबाची छाती म्हणजे कचरा..."

"भाऊ, थांब." तिनं हात मांडीवर ठेवले. "सर, काढते की. ज्यांचे हायेत ते बाहेर बसलेत. तुम्ही फक्त त्यांना विचारून या."

व्यवस्थापकांनी दारातून बाकाकडे पाहिलं. गेले नाहीत.

मग तीच उठली आणि अध्यक्षांच्या दारावर टकटक केली. मागे मी.

"साहेब, लेकीचं लग्न दवाखान्यात लागून राह्यलंय."

"काय?"

"व्हिडिओ. माझी मशीन तिकडं जाऊन राह्यली, आन् वरात आडवी आली."

अध्यक्षांना हसू आवरेना. "मंग काढा ना!"

"दुसरीकडं हाय का, ते आधी ताईसाहेबांना विचारा."

त्यांनी आमच्यासमोर मुलीला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "बाबा, माझ्याकडं कवाचंच हाय. तुम्हीच बघत बसता!"

शूटिंग निघालं आणि जागा झाली. सगळं नव्या सर्व्हरवर पोहोचलं, तेव्हा रांगेतल्या कुणाला पत्ताही लागला नाही. डॉक्टरांनी दोन छात्या शेजारी शेजारी लावल्या. जुनी स्वच्छ होती.

पत्रकांनी मला रागवायला शिकवलं, त्याचं ऋण आहेच. पण राग आलेला असताना दार वाजवून आत कसं जायचं, ते मी हिच्या मागे उभा राहून शिकलो.

पुढं ती नागपूरला गेली. ती गेल्यावर मामांचा भरपाईचा दावा मान्य झाला. ते तिला सांगायला म्हणून आष्टीहून आले, तर खुर्चीवर दुसराच माणूस. "बाई कुठंय?" त्यांचा चेहरा बघून मी तिला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

मामांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. "बाई, मी... आष्टीचा..." आणि खोकल्याची उबळ आली.

पलीकडून तिचा आवाज मलाही ऐकू आला. "मामा, घाई न्हाई. आधी पाणी प्या. मी थांबते."