मामाच्या हातचं जिरं

पुरूदादा गेल्याचा फोन आला त्या सकाळी मी त्याच्याशीच भांडायच्या तयारीत होते. माझ्या धाकट्याची उष्टावण ठरली होती, मामा म्हणून बाळाला पहिला घास त्यानेच भरवायचा होता, आणि हा माणूस आदल्या दिवसापासून फोन उचलत नव्हता. त्याचं नाव दिसलं तशी मी सुरूच झाले. पलीकडे त्याचा मुलगा होता. माझं बोलून होईपर्यंत बिचारा थांबला आणि म्हणाला, "आत्या, बाबा गेले..." सौंसरजवळच्या बोरगावच्या आपल्या बागेत, संत्र्याच्या झाडाखाली, बसल्या जागी.

दादा माझा मावसभाऊ. मला सख्खा भाऊ नाही, त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून आमचं जमलं असं लोक म्हणत. खरं म्हणजे दोघांनाही हक्काने भांडायला कोणीतरी लागायचं. माझ्या थोरलीच्या, चिमीच्या, उष्टावणीला तो सौंसरहून नवा पांढरा शर्ट घालून आला. पाटावर बसला, तिला मांडीवर घेतलं, खजूर घातलेल्या खिरीचा चमचा तिच्या ओठांना लावला, आणि तिने ती सगळी खीर त्याच्या शर्टावर परत केली. मंडळी हसली. दादा मात्र असा हिरमुसला की जेवतानाही बोलला नाही. मामाचा घास भाचीने थुंकला, हे त्याला फार लागलं.

पण पुढे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. चिमी काहीच खाईना. शिरा, केळं, खीर, सगळं बाहेर. वजन वाढत नव्हतं, माझी रजा संपत आली होती, आणि वाटी हातात धरून मीच रडायला लागायचे. लेकराला गोड आवडत नसेल हे घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे पहिलं अन्न गोडच, शकुनाचं!

दादा दर रविवारी बसने पांढुर्ण्याला यायचा आणि नव्याने हरायचा. एका रविवारी चिमीला मांडीवर घेऊन तो जेवत होता. वरणाची फोडणी नुकतीच बसली होती, आणि ही त्याच्या ताटाकडे झेपावायला लागली.

"सुमे, हे पोट्टी वरणाकडं पाहून राहिली."

"दादा, काही देऊ नको तिला. तिखट आहे ते."

"तिखट कोण देऊन राहिलं? जिरं देतो म्हणतो मी."

सासूबाई मध्ये पडल्या. "अवं, पयले गोड जाऊ द्या लेकराच्या पोटात!"

"आई, गोड तं माह्या शर्टावर गेलं नं," दादा म्हणाला.

मी सगळ्यांना थांबवून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मसाला मतलब मिर्ची थोड़े ही है. जीरा, हींग दीजिए, बस ज़रा-सा." हे ऐकल्यावर दादाने स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. जिरं मंद आचेवर भाजून पूड केली. मुगाची डाळ मऊ शिजवून, चिमूटभर हळद घालून घोटली, तुपात नखभर हिंग फुलवला. मीठ नाही, तिखट नाही. बोटावर घेऊन चिमीच्या जिभेला लावलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, विचार केला आणि त्याचं मनगटच धरून ठेवलं. त्या दिवशी दादा घरभर असा फिरला, जणू निवडणूक जिंकून आलाय.

दादा वारला आणि धाकट्याची उष्टावण लांबली. सासूबाई म्हणाल्या, नात्यातला दुसरा मामा बोलावू. मी भडकले. दुसरा मामा कुठून आणायचा? शेवटी चिमीच म्हणाली, "मी भरवते." तेवढंच मला पटलं.

उष्टावणीच्या दिवशी वैनी, दादाची बायको, एकट्याच बसने आल्या. दादा गेल्यापासून त्या धड जेवत नव्हत्या. दोन घास खाऊन ताट सरकवतात, असं त्यांचा मुलगा सांगायचा. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढून माझ्या हातात दिली. "तुमच्या दादानं भाजून, कुटून ठेवलं होतं. बाळासाठी." झाकण उघडलं... जिऱ्याचा वास आला आणि मला पुढचं दिसेना.

तीच पूड घालून मी डाळ केली. चिमी पाटावर बसली, भावाला मांडीवर घेतलं, आणि मोठ्या तोऱ्यात तिने घास भरवला. पठ्ठ्याने तोंड वेडंवाकडं करून तो तिच्या फ्रॉकवर उडवला. सासूबाईंनी लगोलग खीर पुढे केली, तर मिटक्या मारायला लागला! सासूबाईंचा चेहरा काय फुलला होता... पण वैनींकडे बघायची माझी हिंमत होईना.

वैनी एकदम हसल्या. "हे तुमच्या दादानं पाह्याले पाह्यजे होतं. फुगूनच बसले असते!" हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीही हसले आणि तिथेच, सगळ्यांदेखत, पोटभर रडले.

नंतर डाळीची वाटी आवरायला उचलली, तर वैनींनी ती माझ्या हातातून घेतली.

"टाकता कायले?"

त्या भिंतीला टेकून बसल्या. हळूहळू सगळी डाळ खाल्ली, वाटी बोटाने पुसून घेतली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सुमाताई, भात हाये का थोडा?"