फडकं ओलं हाय का?

मासवडी करताना आमच्या नानी मोठ्यानं तीन प्रश्न विचारायच्या. "सारण झालं? फडकं ओलं हाय का? पाटाशी कोण?" तिन्हींची उत्तरं आल्याशिवाय उकळत्या पाण्यात बेसनाची चिमूटही पडायची नाही. बेसनाचं घट्ट पिठलं गरम असतानाच पाटावरच्या ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं आणि फडक्यानंच त्याची गुंडाळी करायची. पिठलं निवलं की संपलं. मग ते वळत नाही, तडकतं.

नानी माझ्या चुलत सासूबाई. जुन्नर-आंबेगावच्या शिवेवरच्या आमच्या गावात साखरपुडा असो की बारसं, मासवडीला बोलावणं त्यांनाच. लवकर विधवा झालेल्या, पोटी मूल नाही. चारचौघांत मानानं बसायला त्यांच्यापाशी तेवढं एकच कारण होतं. ते मी काढून घेतलं. आजवर हे कुठं बोलले नाही.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी बायकांची राखीव जागा आली आणि मी सरपंच झाले. नुसती सहीपुरती सरपंच राहायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळे स्वच्छ गावाच्या तपासणीला समिती येणार म्हटल्यावर आठ दिवस मला झोप नव्हती. गटारं, संडास, शाळेच्या भिंती, सगळं केलं. जेवण राहिलं होतं. ते नानींकडे सोपवून मी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण मी दर दहा मिनिटांनी चुलीपाशी.

"सरपंचीण बाई, तुमी भाषण पाठ करा जा," नानी म्हणाल्या. "हितं तुमचा ठराव चालायचा न्हाई."

बायका हसल्या. मीही हसले, पण तिथून हलले नाही.

अकराच्या सुमाराला लाईट गेली. मिक्सरमध्ये सारण अर्धवट. लोडशेडिंगचा तो दिवस नव्हता, तरी गेली. नानींनी शेजारणीला पाटा-वरवंटा धुवायला लावला. तेवढ्यात ग्रामसेवक धावत आले. जुन्नरहून फोन होता, गाड्या निघाल्या.

मी चुलीपाशी धावले. "नानी, टाका पीठ. तोवर सारण होतंच."

"सारण न्हाई अजून. थांब जरा."

"थांबायला वेळ कुठाय? साहेब लोक दारात येतील. मी सांगते ना, टाका!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनेचं त्यांनी ऐकलं नसतं, पण सगळ्यांसमोर सरपंचाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी पीठ सोडलं.

सारण वाटून होईपर्यंत पिठलं दगड. नानींनी त्यावर उकळतं पाणी मारून ते पुन्हा चुलीवर धरलं, हातानं मळून पाहिलं, कढत गोळा तसाच थापला. तळव्यांना फोड आले. गुंडाळी केली की मधोमध तडा, कापायला घेतली की भुगा. आणि गाड्या? त्या आधी घाटघरच्या बाजूला वळल्या होत्या. दीड तासानं आल्या. त्या दीड तासात निवांत नवा घाणा झाला असता, पण बेसन संपलं होतं आणि माझं डोकंही.

पंगतीत एका साहेबांनी भुगा उचलून विचारलं, "मॅडम, ही मासवडी की झुणका?"

सगळे हसले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. आणि मी म्हणाले, "आमच्या सासूबाईंचं वय झालं ना साहेब. अंदाज चुकतो त्यांचा आता."

नानी माझ्या मागेच होत्या, रश्श्याचं पातेलं धरून. फोड आलेल्या हातांनी. रस्सा वाढत पुढे गेल्या.

तालुक्यात आमचा तिसरा नंबर आला. पुढच्या लग्नसराईत मासवडीला दुसऱ्या गावची बाई आली. "नानींचं वय झालं," लोक म्हणायचे. माझंच वाक्य.

मी मात्र शिकले. पाण्याच्या टाकीचं काम निघालं तेव्हा पाइप आला का, जागा झाली का, उभं कोण राहणार, हे विचारल्याशिवाय कुदळ मारू दिली नाही. लोक म्हणाले, "बाई लई पक्की हाय राव." हे कुणाकडून शिकले, ते मी सांगितलं नाही. नानींकडे मात्र जायचे. बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवायचे, चहा प्यायचे, परत यायचे. सात वर्षं माझी तयारीच चालली होती. एकदा तयारीशिवाय उडी मारली, त्याच्या भीतीनं पुढं नुसतीच तयारी.

मग माझ्या थोरल्या लेकीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. ती म्हणाली, मासवडी आजीच्याच हातची हवी. मी बोलवायला गेले.

"माझा अंदाज चुकतो म्हनं," नानी म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नाही. तरीही आल्या, नातीसाठी.

त्या दिवशी चुलीपाशी त्याच बायका. पाण्याला उकळी फुटली. मला पाहुण्यांपेक्षा त्या पाण्याचीच भीती वाटत होती. एकदा पीठ पडलं की बोलायला सवड नाही.

"सारण झालं?"

"झालं."

"फडकं ओलं हाय का?"

"आहे."

"पाटाशी कोण?"

"मी," म्हणाले. आणि जुळवून ठेवलेलं सगळं विसरून बोलून गेले, "त्या तपासणीच्या दिवशी नानी थांब म्हणाल्या होत्या. पीठ मी टाकायला लावलं. नाव त्यांचं घेतलं."

शेजारीण खाली बघत म्हणाली, "आमाला ठावं व्हतं की, बाई. आमी हितंच व्हतो."

त्यांना माहीत होतं, आणि तरी त्या सगळ्या गप्प राहिल्या होत्या. सरपंचापुढे.

नानींनी चुलीत लाकूड सारलं. "ह्ये त्या सायबाम्होरं म्हनायचं व्हतंस," त्या म्हणाल्या. "हात ओला कर."

आणि पीठ सोडलं.

मी थापलं, वळलं. माझ्या एका गुंडाळीला तडा गेलाच. नानींनी ती बाजूला काढली नाही, ताटात तशीच मांडली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "मासवडी कुणी केली?"

"ती तडकलेली माझी," मी म्हणाले. "बाकीच्या नानींच्या."